मांडी आईची, सही कुणाची?

तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी निघालेल्या बाईला सल्ला द्यायला सगळेच तयार असतात. विमान चढता-उतरताना बाळाला पाजत राहा, म्हणजे कान दुखणार नाहीत. लंगोट मोजून घे आणि वर तेवढेच आणखी घे. कपड्यांचा एक जोड बाळासाठी आणि एक स्वतःसाठी हाताशी ठेव. हे सल्ले खोटे नाहीत. मीही माझ्या लेकीला ते दिले आहेत. पण हे सगळे सल्ले आईलाच दिले जातात. बाळाच्या बापाला ‘लंगोट किती घेतलेस रे?’ असं कुणी विचारत नाही. आणि त्याहून मोठी विसंगती अशी की, बाळाला सांभाळून कसं न्यायचं हे आईनं बघायचं; पण ते बाळ देशाबाहेर न्यायला तिला परवानगी आहे का, हे मात्र बापाच्या कागदावरून ठरायचं. मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

परदेश प्रवास हा सुखवस्तू घरांचा विषय, आपल्या त्रैमासिकात त्याला जागा कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण आज सांगली-अकोल्याच्या मुली लग्न करून अमेरिकेत जातात, कोकणातली कुटुंबं आखातात राहतात, आपल्या परिचारिका लेकरांना घेऊन परक्या देशात नोकऱ्या करतात. शिवाय ‘मूल कुणाचं?’ हा प्रश्न तर घराघरातला आहे. विमानतळावर तो फक्त उघडा पडतो, कारण तिथं कागद मागितला जातो.

आधी कष्टांचं बघू. दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण १० टक्के रक्कम भरली की ते मांडीवर बसून जातं. एका मोठ्या माणसाला एकच बाळ मांडीवर नेता येतं, त्यामुळे जुळ्यांची आई एकटी निघाली तर तिला एका बाळाचं तिकीट काढावंच लागतं. समोरच्या भिंतीला अडकवायचे पाळणे मोजकेच असतात आणि अंगानं भरलेलं बाळ त्यात मावत नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला थेट विमानानंही पंधरा-सोळा तास लागतात. नवऱ्याला रजा मिळत नाही म्हणून एकटीच निघालेली बाई एवढा वेळ एक हात बाळाखाली ठेवून बसते. जेवणाचा ट्रे उघडता येत नाही. स्वच्छतागृहात जायचं तर बाळ कुणाकडे द्यायचं, हा प्रश्न.

मांडी ही जागा सुरक्षितही नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटी इथं एक विमान कोसळलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली. त्या विमानात चार लहान मुलं खुर्चीविना, मांडीवर बसून चालली होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे मुख्य परिचारिका जॅन ब्राऊन यांनी पालकांना सांगितलं की, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्यातलं एक मूल दगावलं. जॅन ब्राऊन स्वतः वाचल्या आणि प्रत्येक बाळाला पट्ट्याची स्वतंत्र खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी पुढं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळानंही तीच शिफारस केली. पण तिथल्या विमान वाहतूक खात्यानं २००५ साली सक्ती करायला नकार दिला. कारण दिलं ते असं : तिकिटाचा खर्च वाढला तर कुटुंबं रस्त्यानं जातील आणि तिथं जास्त माणसं मरतील. हिशेब म्हणून ते बरोबर असेलही. पण त्याचा अर्थ एवढाच की, व्यवस्थेला न परवडणारी खुर्ची मांडीनं भरून काढायची. आणि ती मांडी बहुतेक वेळा आईची असते. आपल्याकडे हिलाच वात्सल्य म्हणून ओवाळतात.

आता कागदांकडे वळू. बाळ महिन्याचं असलं तरी त्याला स्वतंत्र पासपोर्ट लागतो. त्याच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. एकाची संमती मिळत नसेल तर त्याचं कारण सांगणारा वेगळा नमुना भरावा लागतो. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सैल झाले आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालू लागलं. एकट्या आयांनी, घटस्फोटितांनी, टाकलेल्या बायकांनी कोर्टात आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं दिलेल्या लढ्याचं ते फळ होतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, एका अविवाहित आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं होतं की, पालकत्व मागताना मुलाच्या बापाचं नाव उघड करायची सक्ती तिच्यावर करता येणार नाही.

पण मुळाशी असलेला कायदा तसाच आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ म्हणतं की, मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईच्या ताब्यात असावं, असंही तेच कलम म्हणतं. म्हणजे सांभाळायला आई आणि पालक म्हणून बाप! लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली आणि ती स्वीकारली गेली नाही, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असं नव्हे; तो मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर असेल, तर त्याच्या ‘अनुपस्थितीत’ही आई पालक ठरते. निकाल चांगलाच होता. पण बाप हजर असताना आईचा क्रमांक दुसराच, हे त्यानं बदललं नाही. २०१५ साली विधी आयोगानं दोघांना समान पालक करा असं सुचवलं. कायद्यातले शब्द अजून तेच आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लिहायचं ठरलं. त्याचा आनंद आहेच. पण नाव आधी आलं म्हणून अधिकार बरोबरीचा होत नाही.

हे रोजच्या व्यवहारात कसं उतरतं, ते मी पाहिलं आहे. माझी लेक आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेराहून परत निघाली. जावई आधीच गेले होते. विमानतळावरच्या खिडकीत पहिला प्रश्न आला, ‘‘बाळाच्या वडिलांचं पत्र आहे का?’’ पत्र होतं. तरी तिचं आणि बाळाचं आडनाव वेगळं का, म्हणून जन्मदाखला काढावा लागला, मागे रांग खोळंबली. वर्षभरानं त्याच बाळाला घेऊन जावई एकटे इकडे आले. खिशात लेकीचं पत्र होतं, पण ते कुणी मागितलं नाही. उलट ‘‘एकट्यानं आणलंत? कमाल आहे हो!’’ असं कौतुक झालं आणि विमानात दोन बायकांनी बाळ आळीपाळीनं घेतलं. नियम दोघांना एकच होता. संशय मात्र एकीच्या वाट्याला आला आणि शाबासकी दुसऱ्याच्या.

दोन्ही पालकांची संमती विचारूच नये, असं माझं म्हणणं नाही. अमेरिका, कॅनडा यांसारखे देश एकट्या पालकानं दुसऱ्याचं पत्र जवळ ठेवावं अशी शिफारस करतात आणि ती रास्त आहे. मूल म्हणजे कुणी परस्पर उचलून न्यावं अशी वस्तू नव्हे. आईला न सांगता मूल पळवणारे बाप आहेत, तशी लेकरासाठी तळमळणाऱ्या बापांवर अन्याय झाल्याचीही उदाहरणं आहेत. माझं म्हणणं एवढंच की, संमती ही दोघांमध्ये बरोबरी असेल तेव्हाच संमती असते. बरोबरी नसते तिथं ती बेडी होते.

परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलीची स्थिती डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत जन्मलेलं तिचं बाळ जन्मानंच तिथलं नागरिक. ती मात्र नवऱ्याच्या नोकरीच्या आधारानं राहणारी. बाळाच्या अमेरिकन पासपोर्टसाठी, मूल सोळा वर्षांखालचं असल्यानं, सर्वसाधारणपणे दोघांची संमती लागते. घरात मारहाण सुरू झाली आणि तिनं बाळाला घेऊन माहेरी यायचं ठरवलं, तर जो मारतो त्याचीच सही तिला मागायची आहे. पासपोर्ट बहुधा त्याच्याच कपाटात असतात. एकटी परतायची तिला मुभा आहे. बाळाला सोडून!

आणि सही न मागता आली, तर? २५ ऑक्टोबर १९८० च्या हेग करारानुसार मूल ज्या देशात नेहमी राहत होतं तिथं ते लवकरात लवकर परत पाठवायचं आणि ताब्याचा निवाडा तिथंच व्हायचा. मुलांना पळवून नेण्याला आळा बसावा म्हणून हा करार झाला. पण त्याखाली आलेल्या प्रकरणांत मूल घेऊन जाणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश आयाच असल्याचं दिसून आलं आहे. मुलाला गंभीर धोका असल्यास परत न पाठवण्याची सोय करारात आहे, पण तो धोका सिद्ध करायचा तो पळून आलेल्या बाईनं. भारतानं या करारावर सही केलेली नाही. २०१६ साली केंद्र सरकारनं त्यासाठी विधेयकाचा मसुदा काढला, स्त्री संघटनांनी हरकती घेतल्या आणि नंतर न्यायमूर्ती बिंदल यांच्या समितीनं २०१८ साली अहवाल दिला. दरम्यान न्यायालयं प्रत्येक प्रकरण वेगळं तपासतात. २०१७ साली ब्रिटनहून परतलेल्या एका आईकडे मुलीला राहू देताना, परदेशी न्यायालयाच्या हुकमापेक्षा मुलाचं हित मोठं, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. २०१९ साली त्याच न्यायालयानं दुसऱ्या प्रकरणात मुलांना अमेरिकेत परत न्यायला सांगितलं. म्हणजे आपल्या मुलीचं भवितव्य तिच्या वकिलाच्या कुवतीवर आणि खर्चाच्या ताकदीवर लोंबकळत राहतं.

करारावर सही केली नाही यावर समाधान मानून आपल्याला थांबता येणार नाही. कलम ६ मधला ‘नंतर’ हा शब्द काढून आई-बाप बरोबरीचे पालक करा, ही मागणी आपण पुन्हा लावून धरली पाहिजे. खिडकीत आईला जे विचाराल तेच बापालाही विचारा, असा आग्रह धरला पाहिजे. उद्या सरकारनं हेग करारावर सही करायची ठरवलीच, तर घरातली हिंसा हा मुलाला असलेलाच धोका आहे, हे इथल्या कायद्यात आधी लिहून घेतलं पाहिजे. आणि परदेशात सोडून दिलेल्या स्त्रियांना मदत करण्याची तरतूद असलेला भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून वकिलातींकडे आहे, हे लग्न होऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलीला इथून निघण्यापूर्वी ठाऊक हवं. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्षही आहे.

लंगोट आणि पेजेबरोबर आपल्या लेकींना आणखी काही सल्ले देऊ या. तुझा आणि बाळाचा पासपोर्ट तुझ्या हाताशी असू दे. जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला आणि व्हिसाची कागदपत्रं यांच्या प्रती माहेरी ठेव. प्रवासाचं संमतीपत्र दोघांनी एकमेकांना द्या. एकट्या तूच मागायचं असं नको. आणि विमानात शेजारी नवरा बसला असेल, तर निम्मा वेळ बाळ त्याच्या मांडीवर असू दे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आला असेल तर तो जरूर लिहून पाठवा. खिडकीतला एखादा प्रश्न, अडलेला एखादा अर्ज, न मिळालेली एखादी सही. एकेकीची अडचण म्हणून ती सोसली जाते. सगळ्या एकत्र मांडल्या तरच कायदा बदलण्याची मागणी आपल्याला जोरानं करता येईल.