घरचे विज्ञान : अंड्याची पारख आणि आजेसासूबाईंचा प्रश्न

एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवाने आजोळाहून गावठी कोंबडीची आठ अंडी आणली असून, ती घरीच उबवून पिल्ले निघताना पाहावयाची असा हट्ट धरला आहे. घर एकत्र आणि शाकाहारी. थोरल्या जाऊबाईंची हरकत सोवळ्याची, भावोजींची हरकत वासाची, आजेसासूबाईंनी मात्र एवढेच पुसले की, "निम्मे कोंबडे निघाले तर त्यांचे काय करणार?" बाईंनी आम्हांस उबवणीची रीत विचारली आहे. ती सांगतो, परंतु वृद्धेच्या प्रश्नाकडे शेवटी वळल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम हे जाणावे की, कोणतेही अंडे उबत नाही. दुकानात मिळणारी अंडी बहुधा अशा कुक्कुटशाळांतील असतात की जेथे कोंबडा ठेवीतच नाहीत. ती अफलित असल्यामुळे कितीही ऊब दिली तरी त्यांतून काही निघावयाचे नाही. आजोळच्या अंगणात कोंबडा असल्यास ही अंडी फलित असण्याचा संभव पुष्कळ. ती बोथट टोक वर करून, १३ ते १८ अंश उष्णमानाच्या जागी ठेवावीत. तेथे ती सात दिवस सुखाने थांबतात. शीतकपाट त्यांस फार थंड होते. उलट २०-२१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो. वैशाखात उघड्यावर राहिलेल्या अंड्यांत ही वाढ अर्धवट होऊन गर्भ दगावतो. तडकलेली अंडी घेऊ नयेत, आणि मळकी धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक पापुद्रा असतो, तो धुतला गेला की रोगजंतूंस वाट मोकळी होते.

खुडूक बसलेली कोंबडी २१ दिवस जे करते, तेच आपणांस पेटीकडून करवून घ्यावयाचे आहे. आत पंखा असलेल्या पेटीत उष्णमान ३७.५ अंश असावे. पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याशी उष्णमापक ठेवून ते सुमारे ३८.५ ते ३९ अंश राखावे, कारण अशा पेटीत वरची हवा खालच्यापेक्षा उष्ण असते. वीज गेल्यामुळे अंडी तासभर थोडी निवली तर गर्भ बहुधा तगतो. तेव्हा पेटीवर कांबळे टाकून स्वस्थ बसावे. परंतु उष्णमान ४० अंशांच्या पुष्कळ वर जाऊन काही तास तसेच राहिले, तर तो वाचत नाही. ह्या कामी गारव्यापेक्षा उष्णतेचे भय अधिक. पेटीत पाण्याची वाटी ठेवून हवेतील दमटपणा ५० ते ५५ टक्के राखावा. अठराव्या दिवसानंतर तो ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावा, म्हणजे आतील पापुद्रा वाळून पिल्लाभोवती आवळत नाही.

अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावीत. न फिरविल्यास गर्भ कवचाच्या अस्तरास चिकटतो. एका बाजूस शिसपेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूस शून्य काढले म्हणजे कोणते अंडे राहिले ते मुलासही कळते. अंड्यांस हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुण्याचा नियम मात्र कडक असावा. जाऊबाईंचे सोवळे आणि आजचे आरोग्यशास्त्र ह्या एका बाबतीत एकमताचे आहेत! पेटीची जागा स्वयंपाकघरापासून दूर, ऊन व वारा न लागणाऱ्या खोलीत असावी.

आता पारख. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने कोंबडीच्या अंड्यात तीन दिवसांनी स्पंदन पावणारा रक्ताचा ठिपका, म्हणजे हृदय, पाहिल्याचे वर्णन केले आहे. ते पाहण्यासाठी अंडे फोडावे लागे. आपणांस ते फोडण्याचे कारण नाही. सातव्या दिवशी रात्री खोलीत अंधार करावा, पुठ्ठ्यास अंड्याहून लहान भोक पाडून त्यामागे विजेरी धरावी, आणि अंड्याचे बोथट टोक त्या भोकास टेकवावे. तीन प्रकार दिसतील. अंडे सर्वत्र पिवळसर व स्वच्छ दिसले, तर ते अफलित होय. मध्ये एक काळा ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या पायांप्रमाणे पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या, तर आत जीव आहे. पुष्कळदा तो ठिपका हलतानाही दिसतो. शिरा नसून केवळ रक्ताचे एक कडे दिसले, तर गर्भ सुरू होऊन मेला असे समजावे.

स्वच्छ व कडे असलेली अंडी काढून टाकावीत. ती कुजून वायू धरतात, आणि पेटीत फुटली तर चांगल्या अंड्यांसही बाधतात. भावोजींचा वासाचा आक्षेप येथेच खरा ठरावयाचा! तांबूस कवचातून नीट दिसत नाही. म्हणून ज्याविषयी शंका असेल ते अंडे न टाकता दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे. चवदाव्या दिवशी अंडे बरेचसे काळे दिसते, आणि अठराव्या दिवशी बोथट टोकाची हवेची पोकळी सोडून सर्व काळोखच असतो. दर खेपेस पाहणे थोडक्यात आटोपावे. मुलाच्या मित्रमंडळींसाठी तेच अंडे दहा वेळा दिव्यापुढे धरू नये.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरविणे व पेटी उघडणे बंद करावे. विसाव्या दिवसाच्या सुमारास आतून चिवचिव ऐकू येते, आणि मग कवचास पहिला तडा जातो. येथे घरातील सर्वांची खरी परीक्षा असते. तड्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागतात, आणि मधून मधून ते अगदी निपचित पडते. दयेने कवच सोलावयास जाल तर घात होईल. त्या वेळी अस्तरातील रक्त अजून पिल्लाच्या अंगात ओढले जात असते आणि उरलेला बलक पोटात शिरत असतो. त्याच बलकावर बाहेर आल्यानंतरही ते दोन दिवस अन्नावाचून राहू शकते. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यास द्विज म्हटले, ते त्याचा एक जन्म अंडे म्हणून व दुसरा अंड्यातून होतो म्हणून. हा दुसरा जन्म त्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो.

आता आजेसासूबाईंचा प्रश्न. निघणाऱ्या पिल्लांत सरासरीने निम्मे नर असतात. अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखता येते अशी समजूत आहे, तिच्यावर विसंबू नये. घरच्या दिव्यानेही ते कळत नाही. म्हणजे जी गोष्ट घराला सर्वांत अधिक अडचणीची, तीच ह्या परीक्षेत दिसत नाही. कोंबडे मोठे झाले की पहाटे आरवतात, एकमेकांशी झुंजतात, आणि शहरातील बिऱ्हाडात त्यांस जागा नसते. "आजोळी परत पाठवू" हे उत्तर सोपे आहे. परंतु तेथे सर्वच कोंबडे जन्मभर पोसले जातात काय, हे मामांस आधी स्पष्ट विचारावे, आणि उत्तर मुलापासून लपवू नये. ज्या घरात मांस शिजत नाही, त्या घराने कोंबडा नजरेआड केला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही.

तेव्हा बाईंस आमचा सल्ला असा : अंडी आणखी दोनचार दिवस थांबू शकत असतील, तर तेवढ्यात सर्वांनी बसून ह्या प्रश्नाचे उत्तर ठरवावे. पिल्लांस, विशेषतः कोंबड्यांस, आयुष्यभर ठाव देणारे ठिकाण निश्चित झाले, तरच पेटी लावावी. आणि तीही त्या ठिकाणी जेवढी पिल्ले मावतील तेवढ्याच अंड्यांची. न झाले, तर अंडी पेटीत घालू नयेत. सुट्टीत मुलास विजेरी देऊन आजोळी पाठवावे. तेथे कोंबडी खुडूक बसली असेल तर रात्री मामांच्या देखत तिच्या पोटाखालचे एक अंडे काढून त्याने शिरा पाहाव्यात आणि अंडे पुन्हा तिच्या स्वाधीन करावे. पाहण्याचा आनंद तोच मिळेल.

हट्ट पुरविणे अथवा मोडणे ह्यापेक्षा, आरंभ करण्यापूर्वी शेवटाचा विचार करावयास मुलास शिकविणे हे अधिक मोलाचे. ते काम त्या घरात आजेसासूबाईंनी एका वाक्यात केलेच आहे. त्यांस आमचा नमस्कार सांगावा.