तिसऱ्या रिचर्डची केस

गेल्या शनिवारी दुपारी जोसेफिन टेची 'द डॉटर ऑफ टाइम' हातात घेतली आणि रविवारी पहाटे तीनला खाली ठेवली. १९५१ची कादंबरी. १९९० मध्ये ब्रिटनच्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने सर्वोत्तम शंभरांच्या यादीत हिला पहिला नंबर दिला होता, म्हणून बरेच दिवस वाचायची होती. (पुढे रहस्यभेद आहे. ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबा!)

पाठलाग नाही, ताजं प्रेत नाही. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ग्रांट पाय मोडून हॉस्पिटलात पडलाय. वेळ जावा म्हणून मैत्रीण जुनी व्यक्तिचित्रं आणून देते. त्यातलं एक निघतं तिसऱ्या रिचर्डचं. शेक्सपिअरचा तो कुबडा राजा. १४८३ मध्ये बारा आणि नऊ वर्षांच्या दोन पुतण्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये मारलं म्हणून बदनाम. ग्रांटला वाटतं, हा चेहरा खुन्याचा नाही. झालं! एका अमेरिकन पोराला ब्रिटिश म्युझियममध्ये पिटाळत गडी पलंगावरूनच केस उघडतो.

ग्रांटचा प्रश्न एकच: हे कुणी सांगितलं, आणि तेव्हा तो कुठे होता? रिचर्डच्या पापांचा मुख्य साक्षीदार थॉमस मोर १४८३ मध्ये पाच वर्षांचा होता. पुढे तो वाढला मॉर्टनच्या घरी, म्हणजे रिचर्डच्या कट्टर वैऱ्याकडे. ऐकीव माहितीवर लिहिलेला बग रिपोर्ट आणि बहुतेकांनी तो रिप्रोड्यूस न करताच खरा मानला! बरं, १४८५ मध्ये रिचर्डला लढाईत मारून गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीने त्याच्यावर जे आरोपपत्र संसदेत आणलं, त्यात या मुलांचा सरळ उल्लेखच नाही. इथे मी अंथरुणात उठून बसलो.

आणि मला संभाजीराजे आठवले. त्यांना व्यसनी, बदफैली ठरवण्यात ज्या चिटणीस बखरीचा मोठा हात, ती त्यांच्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिली गेली. आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजीला, संभाजीराजांनीच मृत्युदंड दिला होता. त्यावर नाटकांमागून नाटकं झाली. वा. सी. बेंद्रे अनेक वर्षं कागद शोधत बसले, तेव्हा कुठे १९६० मध्ये त्यांचं चरित्र आलं.

एवढं आवडूनही शेवटाला मात्र माझी सटकली. ग्रांट रिचर्डला सोडून थांबत नाही, तो हेन्रीला खुनी ठरवून मोकळा होतो. पुरावा? हेन्रीला फायदा होता, बस्स. ज्या चित्रावरून सगळं सुरू झालं ते रिचर्डच्या मृत्यूनंतर साधारण शंभर वर्षांनी काढलेलं! डॉमिनिक मॅन्चिनी नावाचा इटालियन १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्येच होता. मुलं हळूहळू दिसेनाशी झाली आणि त्यांना संपवलं असावं असा संशय तेव्हाच होता, असं त्याने त्याच वर्षी लिहून ठेवलंय. १९३६ मध्ये ते छापूनही आलं होतं. म्हणजे टेबाईंना बघता आलं असतं. ग्रांटच्या चौकशीत त्याचा पत्ताच नाही. नावडती लॉग फाईल उघडायचीच नाही, तसं.

कुबडाचं म्हणाल तर २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडाच सापडला. पाठीचा कणा चांगलाच वाकलेला, त्यामुळे एक खांदा वर. वाळलेला हात मात्र थाप होती. वैऱ्यांनी मीठमसाला लावला, पण सगळंच हवेतून काढलं नव्हतं. अर्थात हे टेबाईंना कळायला मार्ग नव्हता.

असो. आता खरी गोष्ट. आमच्या टीममधला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. तेव्हापासून काहीही कोसळलं की "त्याचाच कोड असणार". नवीन आलेल्यांना हे सांगण्यात मी सगळ्यात पुढे. सोमवारी लंचनंतर गुपचूप जुनी हिस्टरी काढून बसलो. तीन मोठे गोंधळ तपासले. एक खरंच त्याचा. एक आमच्या लीडचा. तिसऱ्याने आम्हाला दिवाळीत रात्रभर जागवलं होतं. त्या ओळीपुढे माझं नाव आहे.

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. टीमच्या ग्रुपवर अजून टाकलेला नाही.