मातीला दाखला, मजुराला काय?

दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश परिसरातील उंची पांढरी वाईन युरोपच्या बाजारात मोठ्या तोऱ्यात विकली जाते. ‘ओकच्या बॅरलमध्ये मुरवलेली, सेंद्रिय, कुटुंबाच्या द्राक्षबागेतील’ अशी तिची जाहिरात असते. वकील कोणताही दस्तऐवज वाचताना त्यात काय लिहिलेले नाही हेही पाहतो. येथे द्राक्षाचे घड तोडणाऱ्याचा उल्लेखच नाही!

प्रथम बॅरल पाहू. साधारण २२५ लिटरच्या एका बॅरलमधून ३०० बाटल्या भरतात. वाईन त्यात महिनोन्‌महिने मुरते, काही उडूनही जाते. म्हणजे ज्याच्यापाशी भांडवल आहे, तोच थांबू शकतो. मजुराचे पोट थांबत नाही.

आता ‘सेंद्रिय’. युरोपीय संघाने २०१२ साली सेंद्रिय वाईनचे नियम केले. साध्या कोरड्या पांढऱ्या वाईनला लिटरमागे २०० मिलिग्रॅम सल्फाइटची मुभा आहे, सेंद्रियला १५० ची. दाखल्याशिवाय हा शब्द छापता येत नाही. हे चांगलेच आहे, कारण विषारी फवारणीचा पहिला बळी मजूरच असतो. ह्यूमन राइट्स वॉचने ऑगस्ट २०११ च्या अहवालात वेस्टर्न केपमधील मजुरांना पुरेशा संरक्षणाविना कीटकनाशके सोसावी लागतात, राहण्यास अयोग्य घरांत दिवस काढावे लागतात, असे नोंदविले होते. म्हणून सेंद्रिय शेतीला आमचा विरोध नाही. मात्र ज्या नियमात सल्फाइटचा मिलिग्रॅम मोजला जातो, त्यात मजुरीचा एक शब्द नाही, हे कसे?

आणि ‘कुटुंब’ कोणाचे? केपमध्ये पहिली वाईन २ फेब्रुवारी १६५९ रोजी निघाली. तेथील द्राक्षबागा गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण मजूर मालकाच्याच जमिनीवर राहिले. मजुरीचा काही भाग हलक्या वाईनच्या रूपाने देण्याची ‘डॉप’ पद्धत तेथे रूढ होती. १९६० च्या दशकात तिच्यावर बंदी आली, तरी ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. गर्भातच दारूमुळे बाधित होणाऱ्या बालकांचे प्रमाण वेस्टर्न केपमध्ये जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. बलुत्याच्या नावाखाली राबणे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांना हा मेहनताना म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही. श्रमाचा मोबदला मालकाच्या मर्जीने, मालकाच्याच वस्तूत दिला की मजूर कायमचा बांधला जातो.

हा मजूर गप्प बसला नाही. २०१२ साली डी डूर्न्स या खाण्याच्या द्राक्षांच्या भागातून संप पेटला आणि इतर भागांतही पसरला. दिवसाची किमान मजुरी तेव्हा सुमारे ६९ रँड होती, मागणी १५० ची होती. मार्च २०१३ पासून १०५ रँड मिळाले. २०१९ पासून लागू झालेल्या किमान वेतन कायद्यातही सर्वसाधारण मजुराला तासाला २० रँड आणि शेतमजुराला १८ रँड! ही तफावत २०२१ मध्ये मिटली.

सगळेच मालक सारखे नाहीत. स्टेलनबॉशच्या रेनेके या सेंद्रिय द्राक्षबागेने एका वाईनच्या उत्पन्नातून मजुरांची घरे व मुलांचे शिक्षण यांना हातभार लावला आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मालकाचा चांगुलपणा म्हणजे मजुराचा हक्क नव्हे. मालक बदलला, बाजार पडला, की चांगुलपणा आटतो. हक्क मात्र न्यायालयात मागता येतो. न्याय्य श्रमाची मोहोर देणारी ‘विएटा’ ही संस्था तेथे २००२ पासून आहे, पण ती मोहोर ऐच्छिक! मातीचा दाखला सक्तीचा आणि माणसाचा मर्जीचा, हा न्याय कुठला?

नाशिकमध्येही तीच शेनिन ब्लां द्राक्षे पिकतात आणि आदिवासी, भूमिहीन मजूर त्या बागांत राबतात. म्हणून हा प्रश्न परक्या देशाचा नाही. सेंद्रिय दाखल्याच्या अटींतच किमान वेतन आणि राहत्या घराचा हक्क आला पाहिजे. जोवर तो येत नाही, तोवर बाटलीतील वाईन शुद्ध ठरेल, व्यवहार नाही.