हलकी रायफल, जड खिसा
वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार संपवली. तरी या आठवड्यात मी वाचत बसलो अमेरिकी शिकाऱ्यांच्या रायफलींबद्दल. तिथले हौशी लोक कारागिराकडून जेमतेम अडीच किलोची रायफल बांधून घेतात: नळी बारीक, दस्ता केव्हलारचा, बिल मात्र वजनदार! काडतूस बहुधा जुनंच आणि सौम्य, उदाहरणार्थ .२५७ रॉबर्ट्स, जर्मन ७ मिमी माउझर काडतुसाचं तोंड आवळून बनवलेलं, १९३४ साली रेमिंग्टननं बाजारात आणलेलं. ही निवड शहाणपणाची आहे. रायफल हलकी झाली की खांद्याला बसणारा धक्का वाढतो, म्हणून काडतूस सौम्यच हवं. हलक्या रायफलीत मॅग्नम, म्हणजे जबर ताकदीचं काडतूस, भरणं ही निव्वळ मिरवण्याची हौस. धक्क्याच्या धास्तीनं आधीच डोळे मिटणाऱ्याचा नेम चुकणारच, वाचकहो.