खुर्चीवाल्यांनो, हिशेब द्या!

कामगार बंधूंनो,

साच्यावर सूत तुटले, कापडात खोट निघाली, की मुकादम आपली मान धरतो. आपण जाब देतो. मग राज्य हाकणाऱ्याने तो का देऊ नये?

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्रासाठी पुढे शंभरावर माणसे मेली. मोरारजींना काय शिक्षा झाली? १९५६ च्या नोव्हेंबरात ते दिल्लीत मंत्री झाले! त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रीपद सोडले. ते काही कामगारांचे पुढारी नव्हते, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर. पण खुर्चीपेक्षा शब्द मोठा, हे त्यांना कळत होते.

१९५७ साली जनतेने मतपेटीतून जाब विचारला. आमच्या नाशकाने दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत धाडले. हा माणूस कोण? २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह पुकारला, त्याची नाशकातली धुरा वाहणारा. दगड खाल्ले, लाठ्या खाल्ल्या, वर्षांमागून वर्षे गेली. देवळाचे दार उघडले नाही. दादासाहेब मात्र घरी बसले नाहीत, १९५९ साली भूमिहीनांना घेऊन पुन्हा सत्याग्रहाला उभे! पगार लांबला, घरात दाणा नाही, अशा दिवशी आम्हाला धीर येतो तो ह्या माणसाच्या आठवणीने.

तेव्हा निवडणुकीत कोणी हात जोडून चाळीत आला, तर त्याला बसवा, चहा पाजा आणि विचारा : १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेले कितीतरी गिरणी कामगार अजून घराची वाट पाहताहेत, त्यांचं काय केलंत? उत्तर मिळेतो त्याला उठू देऊ नका.