डोक्यावरील आघातानंतर संयम हरपलेल्या प्रौढांविषयी निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जळगाव व धुळे)

विषय : मेंदूच्या इजेनंतर स्वभाव पालटलेल्या प्रौढ रुग्णांची तपासणी, दाखले व पुनर्वसन यांची तजवीज होण्याबाबत.

महोदय,

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यास एकमेकांना छेदतात आणि त्यांपैकी दुसरा पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा खानदेशच्या ऐन वस्तीतून जातो. या रस्त्यांवर दुचाकीवरून पडलेली, शस्त्रक्रियेने वाचलेली आणि चालतीबोलती होऊन परतलेली आमची माणसे इस्पितळाच्या दप्तरी बरी झाली असली, तरी घरात ती बरी नाहीत, ही कैफियत आम्ही त्यांचे आप्त आपल्यापुढे मांडीत आहोत.

कवटीचा तळ डोळ्यांच्या वरच्या बाजूस खडबडीत असतो. आघाताच्या हिसक्याने मेंदूचा पुढील भाग त्यावर घासला जातो, आणि मनात उठलेली ऊर्मी थोपवून धरण्याची शक्ती बव्हंशी त्याच भागाच्या अधीन असते. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावरील फिनियस गेज याच्या मस्तकातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, परंतु परिचितांना तो पूर्वीचा गेज वाटेना, हे वैद्यकास तेव्हापासून ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र अशा माणसाला अजूनही भगताकडे नेतात.

आमच्यापैकी एका घरचा कर्ता, रावेरकडील केळी-बागाईतदार, पूर्वी गड्यांशीही चढ्या आवाजात बोलत नसे. आता केळीच्या पट्टीचे पैसे हाती पडले की वाटेत भेटेल त्याला उसने देतो, भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो, आणि तासाभराने त्याच पत्नीपाशी बसून रडतो. स्कॅनमध्ये काही दिसत नाही, म्हणून सरकारी कागदावर त्याला काही झालेलेच नाही. पोलीस ठाण्यात त्याची गणना दारुड्यांत होते.

केंद्राच्या २०२५ च्या योजनेने अपघातग्रस्तास ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडविरहित उपचार दिले, हे स्तुत्य आहे. पण स्वभावातील पालट बहुधा आठवडे उलटल्यावरच ध्यानी येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत कंपवाताचा नामनिर्देश आहे, मेंदूच्या इजेचा स्वतंत्र नाही. सबब हातपाय धड असलेला आमचा माणूस दाखल्याविना परततो.

तरी धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मेंदूशल्यविशारद, मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून अशा रुग्णांस तपासण्याचा वार मुक्रर व्हावा. तेथे नातेवाइकांची जबानीही ऐकावी, कारण रुग्णाला स्वतःतील बदल पुष्कळदा उमगत नाही. केवळ गुंगीच्या गोळ्यांवर बोळवण न करता चालू औषधेही पारखावीत. फेफऱ्यांसाठीच्या लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड वाढते, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. रजा-पत्रावर संभाव्य स्वभावबदलाची सूचना मराठीत असावी, आणि या इजेचा कायद्यात स्वतंत्र समावेश व्हावा अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

पोलिसांनी अटकेपूर्वी आघाताचे कागद पाहावेत, एवढेच मागणे आहे; अपराधास माफी आम्ही मागत नाही, आणि जिने मार सोसला त्या स्त्रीचे संरक्षण प्रथम झाले पाहिजे.

या अर्जावर काय हुकूम झाला ते ३० दिवसांच्या मुदतीत लेखी कळविण्याची मेहेरबानी व्हावी, ही विनंती.

आपले नम्र,
मेंदूस इजा झालेल्या रुग्णांचे नातेवाईक,
जिल्हे जळगाव व धुळे