तिसरा पलंग: सोफा की बर्थ?



क्रूझच्या केबिनमध्ये तिसऱ्या माणसाने छतातून उतरणाऱ्या बर्थपेक्षा सोफा-कम-बेडच घ्यावा, असे मागील अंकातील पत्रलेखक सुचवतात. मला नेमके उलटे वाटते. अमेरिकेतल्या जॉर्ज पुलमन यांच्या रेल्वेडब्यांवरून ‘पुलमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बर्थमध्ये सपाट फळीवर सलग गादी असते. सोफ्याची गादी घडी पडावी म्हणून बहुधा पातळ, आणि खालचा आडवा दांडा बरोबर कमरेत टोचतो. शिवाय सोफा उघडला की रात्री बाथरूमची वाट अडते. बर्थ सकाळी वर ढकलला की विषय संपला.

गुडघेदुखीवाल्या आजींना शिडी चढायला लावणे हा अर्थात अत्याचार. तिथे पत्रलेखकांचे म्हणणे मान्य. खाली झोपलेल्याचे डोके उठताना उघड्या बर्थवर आपटू शकते, हा मुद्दा मात्र त्यांच्याकडून सुटला. पण नातू दहा-बारा वर्षांचा असेल, तर कोकणकन्या एक्सप्रेसमधल्यासारखे भांडण वरच्या जागेसाठीच होणार!

कोणत्या केबिनमध्ये काय आहे, हे डेकच्या नकाशातल्या चिन्हांवरून बहुधा कळते. पैसे भरण्याआधी पाहावे. सोफाच वाट्याला आला, तर पहिल्याच संध्याकाळी जादा रजई मागून गादीवर अंथरावी.

– एक वाचक, ठाणे